गाळलेली दोन पाने

अमेरिकेच्या मिसुरी राज्यात सेंट लुईस हे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेला, मिसुरी आणि मिसिसिपी या दोन नद्यांच्या संगमाच्या बाजूला, उपनगरांचा पट्टा पसरलेला आहे. तिथल्या ‘हेझलवूड ईस्ट’ नावाच्या हायस्कूलमध्ये १३ मे १९८३ रोजी, शुक्रवारी, शाळेच्या वर्तमानपत्राचा अंक छापून आला. वर्तमानपत्राचे नाव ‘स्पेक्ट्रम’. मुलामुलींनी सहा पानांचा मजकूर लिहून, तपासून तयार केला होता. हातात पडला तो चार पानांचा अंक. दोन पाने नव्हतीच.

ही पाने गाळण्याचा अधिकार शाळेला होता की नाही, या एका प्रश्नाचा निकाल लागायला साडेचार वर्षांहून अधिक काळ गेला, आणि तो लागला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. वाचक म्हणतील, चाळीस वर्षांपूर्वीची परक्या मुलखातली ही शाळकरी भानगड आम्ही आज का वाचावी? माझी हयात हायस्कूलमध्ये मराठी शिकवण्यात गेली. त्यातली बरीच वर्षे शाळेचे भित्तिपत्रक माझ्याकडे होते. त्या भित्तिपत्रकावरून माझ्या हातूनही एकदा एक कागद निघालेला आहे. त्यामुळे हेझलवूडची हकिगत मला परकी वाटत नाही.

आधी ती शाळा म्हणजे काय प्रकार, ते सांगते. आपल्याकडे ‘सरकारी शाळा’ म्हटले की गळकी कौले आणि दोन वर्गांना मिळून एक मास्तर असे चित्र डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या उपनगरातल्या सरकारी हायस्कूलचे तसे नसते. नववी ते बारावी अशी चार वर्षे. बराचसा खर्च त्या भागातल्या घरादारांवरच्या करातून भागतो आणि कारभार लोकांनी मते देऊन निवडलेल्या शिक्षण मंडळाकडे असतो. म्हणून शाळा ही साऱ्या वस्तीची मानली जाते. फुटबॉलचा सामना असला (हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा) की ज्यांची मुले कधीच शाळा सोडून गेली तेही अंगावर ब्लँकेट घेऊन बाकांवर येऊन बसतात. बँड, नाटक, वादविवाद, विद्यार्थी मंडळ, वर्षअखेरीस निघणारे फोटोंचे ‘इयरबुक’ आणि मुलांचे वर्तमानपत्र, हे सगळे शाळेच्या वेळापत्रकात आणि अंदाजपत्रकात असते. आपल्या हायस्कूलमध्ये स्नेहसंमेलन, हस्तलिखित आणि क्रीडामहोत्सव असतात, पण डिसेंबर-जानेवारी सरला की ‘आता अभ्यासाला लागा’ म्हणून सगळे गुंडाळून ठेवतात. तिकडे या गोष्टी अभ्यासाच्या जोडीने वर्षभर चालतात, एवढाच मोठा फरक.

‘स्पेक्ट्रम’ तर अभ्यासाचाच भाग होता. ‘पत्रकारिता – २’ या विषयाच्या तासाला तो तयार होई. त्याला गुण असत आणि ते निकालपत्रकात धरले जात. साधारण दर तीन आठवड्यांनी अंक निघे, आणि १९८२-८३ या शालेय वर्षात मिळून साडेचार हजारांहून अधिक प्रती शाळेत आणि गावात गेल्या. पैशाचा हिशेबही न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे. वर्षभराच्या छपाईला ४,६६८ डॉलर आणि ५० सेंट लागले. विक्रीतून आले १,१६६ डॉलर ८४ सेंट. उरलेली भर शिक्षण मंडळाने घातली, शिवाय शिक्षकाचा पगार आणि पुस्तके वेगळी. ज्यांनी कधी साप्ताहिक चालवले आहे त्यांना ही आकडेवारी वाचून कुठे दुखते ते कळेल. ज्याच्या खिशातून तीन हिस्से जातात, तो एक दिवस ‘मजकूर दाखवा’ म्हणणारच.

मात्र याच वर्तमानपत्राने वर्षाच्या पहिल्या अंकात, सप्टेंबर १९८२ मध्ये, आपले धोरणही छापले होते. देशाच्या घटनेने वृत्तपत्रांना दिलेले स्वातंत्र्य आम्हालाही लागू आहे असे आम्ही मानतो, अशा अर्थाचे. म्हणजे पैसा मंडळाचा आणि स्वातंत्र्य मुलांचे, अशा दोन समजुती एकाच छताखाली गुण्यागोविंदाने नांदत होत्या. अडचण येईपर्यंत अशा समजुती नांदतातच.

अडचण आली ती शिक्षक बदलल्यावर. वर्षभर पत्रकारिता शिकवणारे शिक्षक एप्रिलच्या अखेरीस नोकरी सोडून गेले. त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांनी शाळेच्या पद्धतीप्रमाणे १० मे रोजी नव्या अंकाची प्रुफे प्राचार्य रॉबर्ट रेनॉल्ड्स यांच्यासमोर ठेवली. प्रत्येक अंक छपाईला जाण्याआधी प्राचार्यांच्या नजरेखालून जात असे, त्यात नवे काही नव्हते.

रेनॉल्ड्स दोन लेखांपाशी थांबले. पहिल्या लेखात याच शाळेतल्या तीन मुलींचे अनुभव होते. तिघींना शाळेत असतानाच दिवस गेले होते. नावे बदललेली होती. दुसरा लेख आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर होता. त्यात एका मुलीने सांगितले होते की वडील सदा कामासाठी बाहेरगावी, नाहीतर मित्रांबरोबर रात्री उशिरापर्यंत पत्ते खेळत. आई, बहीण आणि मी, आम्हाला त्यांचा वेळच मिळत नसे. प्राचार्यांनी पाहिलेल्या प्रुफावर तिचे नाव होते. शेवटच्या प्रतीतून नव्या शिक्षकांनी ते काढून टाकले होते, पण ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर कोणी घातली नव्हती.

त्यांचे आक्षेप काय होते? नावे बदलली तरी शाळेतल्या गरोदर मुली कोण, हे मुले मजकुरावरून ओळखतील. संततिनियमनाचा आणि शरीरसंबंधांचा उल्लेख नववीतल्या लहान मुलांच्या वाचनात यायला नको. आणि ज्या बापावर मुलगी छापील बोट ठेवते आहे, त्याला आपली बाजू मांडायची संधी तरी हवी होती. खरे सांगू का, यातला एकही आक्षेप मला खुळचट वाटत नाही. तीस-पस्तीस वर्षे मुलींच्या तुकड्या सांभाळलेल्या कोणत्याही बाईला तो वाटणार नाही. आपल्या गावात तर नावाची गरजच नसते. ‘अमुक गल्लीतली एक मुलगी’ एवढे म्हटले की पुरे.

पण आक्षेप रास्त असणे निराळे आणि त्यावरचा उपाय निराळा. शाळेचे वर्ष संपत आले होते. दुरुस्त्या करत बसलो तर अंकच निघायचा नाही, असे प्राचार्यांना वाटले. त्यांनी हे लेख ज्या दोन पानांवर होते ती पानेच काढून टाकायला सांगितली. त्या पानांवर आणखीही मजकूर होता. कमी वयातली लग्ने, घर सोडून पळालेली मुले, बालगुन्हेगारी, आणि किशोरवयातल्या गरोदरपणावरचा एक सर्वसाधारण लेख. या लेखांबद्दल आपली काहीच तक्रार नव्हती, असे प्राचार्यांनी पुढे साक्षीत स्वतःच सांगितले. ते गेले ते केवळ शेजारामुळे. आणि ज्यांनी लिहिले त्या मुलांना कोणी बोलावलेही नाही. त्यांना कळले ते अंक छापून आल्यावर, पाने मोजून.

कॅथी कुलमायर, लेस्ली स्मार्ट आणि लिअॅन टिपेट या ‘स्पेक्ट्रम’च्या तीन विद्यार्थिनींनी शाळा जिल्ह्यावर दावा लावला. येथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेच्या घटनेतली भाषणस्वातंत्र्याची हमी ही सरकारला बांधते, खासगी संस्थेला बांधत नाही. शाळा सरकारी होती म्हणूनच हा दावा उभा राहू शकला. पलीकडच्या रस्त्यावरच्या एखाद्या खासगी शाळेत हेच घडले असते, तर या हमीच्या बळावर मुलींना न्यायालयात काही मागता आले नसते.

मुलींच्या बाजूने एक भक्कम आधार होता. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेले होते. त्यांतली मेरी बेथ टिंकर अवघी तेरा वर्षांची. शाळेने त्यांना घरी पाठवले. काळी फीत म्हणजे काय आणि ती पाहून कोणाच्या कपाळाला आठ्या पडतात, हे सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. दर १ नोव्हेंबरला आपण ते पाहत आलो आहोत. फेब्रुवारी १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या फाटकातून आत शिरताना मूल आपला बोलण्याचा हक्क बाहेर टांगून येत नाही, असा त्याचा आशय. शाळेच्या कामात खरा व्यत्यय येत असेल किंवा दुसऱ्याच्या हक्कावर गदा येत असेल, तरच शाळेने तोंड बंद करावे.

आपल्याकडेही याच सुमाराचा एक निकाल आहे. केरळातल्या बिजो, बिनू मोल आणि बिंदू इमॅन्युएल या तीन भावंडांना जुलै १९८५ मध्ये शाळेतून काढले, कारण धर्मश्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत म्हणत नसत. ती उभी राहत, अदबीने उभी राहत, पण गात नसत. ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. तिथेही तीन मुले आणि इथेही तीन मुली, पण निकाल मात्र सारखे लागले नाहीत.

हेझलवूडचा दावा झोके घेत वर गेला. १९८५ मध्ये जिल्हा पातळीवरच्या न्यायालयाने शाळेची बाजू घेतली. १९८६ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवून मुलींना कौल दिला. शेवटी १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेला विजयी केले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. काळी फीत मुलाची स्वतःची होती, शाळेने ती फक्त खपवून घ्यायची होती. वर्तमानपत्र मात्र शाळेच्या नावाने, शाळेच्या पैशाने, शाळेच्या तासाला निघते. त्यात छापले जाते ते शाळाच बोलते आहे असे लोक समजणार. म्हणून शिक्षणाशी संबंधित रास्त कारण असेल, तर मजकूर ठेवायचा की काढायचा हे शाळेने ठरवावे. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी कशा हाताळाव्यात हा धडा या विद्यार्थ्यांच्या अजून पुरता अंगी बाणलेला नाही, असे प्राचार्यांना वाटले असेल तर ते गैर नव्हते.

विरोधातले निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांचे. थरगुड मार्शल आणि हॅरी ब्लॅकमन हे न्यायमूर्ती त्यांच्याबरोबर होते. ब्रेनन चिडले होते ते उपायाच्या राकटपणावर. दोन लेखांतल्या काही मजकुरावर आक्षेप, आणि नाहीसे केले सहा लेख! ओळी गाळता आल्या असत्या, खुलासा छापता आला असता, तेही कोणी करून पाहिले नाही. कात्रीने भागले असते तिथे कागदाचे तुकडे करणारे यंत्रच चालवले, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. नागरिकशास्त्राचा धडा मिळेल म्हणून मुले आली होती, त्यांना हा असा धडा मिळाला, असेही.

निकाल लागला तेव्हा तिघी मुली शाळा सोडून केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

या निकालाचे पुढे काय झाले ते मला निकालापेक्षाही मोलाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने शाळेला पाने काढण्याची मुभा दिली, पण ‘काढाच’ असे सांगितले नव्हते. राज्यांना हवे तर ती आपल्या कायद्याने मुलांना जास्त संरक्षण देऊ शकत होती. कॅलिफोर्नियात १९७७ पासून तसा कायदा होताच. आता मिसुरीच्या चतुःसीमा पाहा. उत्तरेच्या आयोवाने १९८९ मध्ये कायदा केला, पश्चिमेच्या कॅन्ससने १९९२ मध्ये, दक्षिणेच्या आर्कान्सॉने १९९५ मध्ये आणि पूर्वेच्या इलिनॉयने २०१६ मध्ये. न्यू जर्सीने २०२१ च्या डिसेंबरात. आज डझनाहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. बदनामी, गुप्ततेचा भंग, अश्लीलता किंवा दंगा माजवणारा मजकूर सोडून बाकी काय छापायचे ते विद्यार्थी संपादकांनी ठरवायचे, आणि मुलांची बाजू घेतली म्हणून शिक्षकावर कारवाई करायची नाही, असा त्यांचा साधारण नमुना. खुद्द मिसुरीत विधेयके येत राहिली, पण तडीला जाईनात. सेंट लुईसमधून मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की इलिनॉय लागते. म्हणजे नदीच्या एका काठावरच्या शाळकरी संपादकाला जे हक्क, ते दुसऱ्या काठावर नाहीत. राज्याची हद्द बदलली की त्याच माणसाचे हक्क कसे बदलतात, हा अनुभव आपल्या भागात घरोघरी आहे. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

अशा कायद्याने काय होते याचा एक नमुना कॅन्ससमध्ये पाहायला मिळाला. मार्च २०१७ मध्ये तिथल्या पिट्सबर्ग हायस्कूलने नव्या प्राचार्यांची नेमणूक केली. शाळेच्या ‘बूस्टर रीडक्स’ या वर्तमानपत्राच्या मुलांनी नव्या बाईंची ओळख करून देणारा लेख लिहायला घेतला. साधा स्वागताचा लेख. माहिती पडताळताना मुलांना दिसले की ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या आहेत, ते विद्यापीठच संशयास्पद आहे. त्यांनी खणून काढले, विचारले आणि ३१ मार्चला छापले. ४ एप्रिलला प्राचार्यांनी राजीनामा दिला. ज्या मोठ्या माणसांनी नेमणूक केली त्यांना जे दिसले नाही, ते सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी पाहिले. हाच लेख शाळेला आधी रोखता आला असता, तर तो छापला गेला असता का? कॅन्ससच्या कायद्याने तो प्रश्नच उद्भवू दिला नाही.

आता माझ्या कागदाचे सांगते, कारण तसा शब्द दिला आहे.

गोष्ट १९९० च्या सुमाराची. शाळेचे नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही. आमचे भित्तिपत्रक म्हणजे व्हरांड्यातला हिरवे कापड लावलेला लाकडी फळा. पंधरवड्याला एक विषय द्यायचा, आलेल्यांतले चांगले कागद टाचण्यांनी लावायचे, वर रंगीत खडूने नाव. त्या खेपेला विषय होता ‘माझे घर’. बहुतेकांनी तुळशीवृंदावन आणि आजीच्या गोष्टी लिहिल्या. नववीतल्या एका मुलीने लिहिले की वडील शनिवारी पगार घेऊन गुत्त्यावर जातात, म्हणून आई त्यांच्या आधी कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहते आणि मिळतील तेवढे पैसे आणून पिठाच्या डब्यात, पिठाखाली लपवते. मग रात्री डबा उपडा होतो. सकाळी आम्ही बहिणी पीठ चाळून घेतो, असे तिने लिहिले होते. एकही शब्द इकडचा तिकडे करावा असा नव्हता. मी तो कागद मधोमध लावला. खाली तिचे नाव होते.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावले. रागावले नाहीत. म्हणाले, “बाई, लिहिलंय खरं. पण उद्या तिचा बाप इथं येऊन उभा राहिला तर? आणि घरी गेल्यावर त्या पोरीचं काय?” मला उत्तर सुचले नाही. आजही त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. शाळा सुटल्यावर, व्हरांडा मोकळा झाल्यावर, मी कागद काढला. रिकामी जागा बरी दिसेना म्हणून तिथे एक सुविचार लिहून लावला.

तिला बोलवावे, शेजारी बसवावे, नाव काढूया का विचारावे, ‘माझे घर’चे ‘एक घर’ करूया का म्हणावे, आईला विचारून ये म्हणावे, यातले काहीही करता आले असते. अर्ध्या तासाचे काम होते. मला त्या संध्याकाळी ते सुचले नाही, किंवा सुचूनही टाळले असेल.

सकाळी प्रार्थनेआधी ती फळ्यापुढे उभी होती. मला पाहून म्हणाली, “बाई, माझा कागद?”

“जागा कमी पडली ग,” मी म्हटले.

“होय की बाई,” ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढच्या पंधरवड्याला तिने पावसावर कविता आणून दिली. चांगली होती. मी लावली.